प्रकरण 6 : गळाला काय लावायचं?

तावरजेच्या काठी, माकणीच्या धरणावर किंवा मांजरेच्या पुलाखाली कोणी काठी टाकून बसलेला दिसला, की जाणारा-येणारा थांबतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "गळाला काय लावलंय?" मासा लागला का, हे तो नंतर विचारतो. अलीकडे या प्रश्नाला एक नवी शेपटी जोडली गेली आहे. मोबाइलवर हिमाचल-काश्मीरमधल्या ट्राउटच्या मासेमारीचे व्हिडिओ पाहिलेली औसा-निलंग्याकडची पोरं विचारतात, "ती गुलाबी अंडी, ती पिसांची रंगीत माशी आपल्याकडं चालंल का?"

दोन्ही प्रश्नांच्या मागे एकच अपेक्षा असते. कुठंतरी एखादं हमखास आमिष असेल, ते कळलं की काम झालं. असं आमिष नाही. त्याऐवजी जे आहे ते मला जास्त मोलाचं वाटतं, कारण ते कोणत्याही पाण्यावर उपयोगी पडतं. आपल्यासमोरच्या पाण्यात कोणता मासा आहे, तो कसा खातो आणि आज ते पाणी कोणत्या अवस्थेत आहे, एवढं समजलं की आमिष जवळजवळ आपोआप ठरतं. हे प्रकरण त्याच क्रमानं जाईल.

1. आपल्या पाण्यात राहतं कोण?

औसा तालुक्यातल्या माणसाला मासेमारीसाठी जवळची पाणी तीन. तावरजा, तेरणा आणि मांजरा. तावरजा आणि तेरणा दोन्ही पुढं मांजरेला मिळतात आणि मांजरा गोदावरीला. तेरणेवर माकणीला धरण आहे, मांजरेवर धनेगावला आहे, तावरजेवर मध्यम प्रकल्पाचा तलाव आहे. शिवाय गावोगावचे पाझर तलाव आणि आता शेततळी.

या पाण्यातले मासे दोन घराण्यांचे. पहिलं घराणं नदीचं स्वतःचं : मरळ, वाम, मिशांचा शिंगटा, बारकी खवल्यांची मासळी, झिंगे. दुसरं घराणं माणसानं आणून सोडलेलं : कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, गवत्या आणि चिलापी. कटला, रोहू, मृगळ यांचं मूळ घर उत्तर भारतातल्या मोठ्या नद्यांत. सायप्रिनस, गवत्या आणि चिलापी तर परदेशातून आले. आफ्रिकेतली चिलापी भारतात 1952 मध्ये आणली गेली आणि आज ती नको तिथंही आहे.

आमिष निवडताना ही विभागणी फार कामाची ठरते. कटला, रोहू आणि मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळं पूर्वी त्यांचं बी नदीतून गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशांच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. तो दिवस आता देशभर मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या शोधामुळंच मराठवाड्यातल्या तलावात रोहू-कटला पोहोचला. 2016 च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा कोरड्या वर्षानंतर तलाव भरतो तेव्हा मच्छीमार सहकारी संस्था पुन्हा मत्स्यबीज आणून सोडतात.

हे मत्स्यबीज बोटुकली होईपर्यंत ज्या टाक्यांत आणि तळ्यांत वाढतं, तिथं त्याला काय घालतात? शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. मत्स्यशेतीतलं हे जुनं, ठरलेलं खाद्य आहे. म्हणजे तलावातला रोहू लहानपणी पेंड खाऊनच मोठा झालेला असतो. पेंडीचं आमिष आपल्याकडं इतकं चालतं, त्याचं एक मोठं कारण मला इथंच दिसतं. तेरणेच्या डोहातल्या वामीनं मात्र जन्मात पेंड पाहिलेली नसते. तिला गांडूळच लागतं.

2. आधी तोंड पाहा

बाजारात मासा घेताना आपण कल्ले उचलून ताजेपणा बघतो. पुढच्या वेळी त्याचं तोंडही बघा. मासा कुठं खातो आणि काय खातो, याचं निम्मं उत्तर तिथं मिळतं.

कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं. तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यासाठी तळाशी ठेवलेला गोळा वाया जातो. आमिष वरच्या थरात, तरंगत्या बुचाखाली हातभर खोलीवर, आणि तेही असं हवं की भुसभुशीत होऊन त्याचा बारीक ढग पसरेल. रोहूचं तोंड किंचित खाली वळलेलं, ओठ जाड आणि झालरीचे. तो मधल्या थरात राहतो, दगडावरचं शेवाळ आणि कुजलेला पाला ओठांनी खरवडतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाचे. चिखलात तोंड खुपसून मिळेल ते उकरणारे. सायप्रिनस तळ उकरतो तेव्हा वर बुडबुड्यांची रांग येते, ती ओळखायला शिका. गवत्याला पानं लागतात. त्याच्या गळाला लसूणघासाची कोवळी जुडी किंवा मक्याचा दाणा लावणारे खूप आहेत आणि ते बरोबर करतात.

आता एक गोष्ट, जी बहुतेक लोकांना ठाऊक नसते. कटला, रोहू, सायप्रिनस या कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात. आणि यांना आपल्यासारखं जठर, म्हणजे अन्न साठवायची पिशवी नसते. त्यामुळं हे मासे शेळीसारखे दिवसभर थोडं थोडं टिपत हिंडतात. आमिष पाण्यासकट ओढून तोंडात घेतात, चाखतात, नको असेल तर थुंकतात. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं. तुमचं बूच नुसतं थरथरतं आणि थांबतं, तेव्हा बहुधा हेच घडलेलं असतं. यातून आमिषाचे दोन नियम निघतात. गोळा लहान आणि मऊ असावा, म्हणजे तो एका ओढीत आत जाईल. आणि गळाचं टोक त्यात पूर्ण गाडलेलं नसावं, नाहीतर थुंकताना ते ओठात रुतणारच नाही.

मरळीचं तोंड याच्या अगदी उलट. रुंद, मागपर्यंत फाटलेलं, आत दात. ती चाखत बसत नाही, झडप घालते. तिच्याबद्दल पुढं वेगळं लिहिलं आहे.

चिलापी लहान तोंडाची आणि सगळंच खाणारी. कणीक, गांडुळाचा तुकडा, शेवाळ, काहीही. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि त्या दिवसांत ती काही खात नाही. काठाजवळ चिलाप्या दिसत असूनही गळाला शिवत नसतील, तर हे एक कारण असू शकतं.

3. वास म्हणजे नेमकं काय?

"वासाचं आमिष लावा" असं सगळे सांगतात. पण पाण्यात वास म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय तो सल्ला अर्धवट राहतो.

माशाला नाकपुड्या असतात, पण तो त्यांनी श्वास घेत नाही. एका छिद्रातून पाणी आत जातं, दुसऱ्यातून बाहेर पडतं आणि मध्ये त्याची परीक्षा होते. म्हणजे पाण्यात जे विरघळलेलं आहे, तेवढंच माशाला हुंगता येतं. घरी एका ग्लासात साखर टाका, दुसऱ्यात तेलाचे थेंब. साखर पाण्यात मिसळून जाते, तेल वर तरंगत राहतं. आमिषातल्या वासाचंही असंच होतं. महागडं अत्तर बहुतांशी तेलात केलेलं असतं. काठावर बसलेल्या माणसाला त्याचा घमघमाट येतो, तळाशी असलेल्या मृगळापर्यंत त्यातलं फारसं पोहोचत नाही. अत्तरावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्यात सहज विरघळणारा आणि माशाला ओढणारा पदार्थ म्हणजे अमिनो आम्लं. प्रथिनं ज्या लहान तुकड्यांची बनलेली असतात, ते हे तुकडे. गांडूळ गळाला टोचलं की त्याच्या अंगातून ती पाण्यात पाझरतात. कोंबडीची कलेजी लावली की तेच. आणि पेंड रात्रभर भिजवून आंबवली की सूक्ष्म जीव तिच्यातली प्रथिनं फोडतात आणि तीच अमिनो आम्लं मोकळी होतात. आंबलेली पेंड ताज्या पेंडीपेक्षा चांगली चालते, त्यामागचं कारण हे आहे. आपल्या भोई मंडळींना हे पिढ्यानपिढ्या अनुभवानं ठाऊक आहे.

शिंगट्यासारख्या मिशांच्या माशांची तऱ्हा आणखी पुढची. त्यांच्या मिशांवर, ओठांवर, इतकंच नव्हे तर अंगाच्या कातडीवरही चव घेणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात, अंधाऱ्या रात्री ते चवीच्या धाग्यावर चालत आमिषापर्यंत येतात. म्हणून शिंगट्यासाठी रात्रीची वेळ, तळाचा थर आणि कोंबडीचं आतडं किंवा कलेजी.

आणि एक साधी काळजी. तंबाखू मळलेल्या हातानं आमिष मळू नका. आधी काठावरचा चिखल हातांना चोळून हात धुवा. मासा कडू चव ओळखतो आणि थुंकतो.

4. पेंडीचा गोळा : एक करून पाहण्याचा प्रयोग

लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ, त्यामुळं सोयाबीनची पेंड हाताशी असते. शेंगदाण्याची पेंडही मिळते. दोन्हींत प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. दोन्ही चालतात. शेंगदाण्याची पेंड लवकर भिजते आणि मऊ होते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करा.

एक वाटी पेंड कुटून चाळून घ्या. ती बुडेल इतक्या पाण्यात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी पाणी निथळून घ्या, पण टाकू नका. भिजलेल्या पेंडीत एक वाटी कणीक आणि अर्धी वाटी कोंडा घाला आणि निथळलेलं पाणी लागेल तसं शिंपडत मळा. पोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्ट राहू द्या.

कणीकच का, ज्वारीचं पीठ का नाही? भाकरी थापणाऱ्या प्रत्येकीला याचं उत्तर माहीत आहे. गव्हात चिकटपणा धरणारं ग्लुटेन असतं, ज्वारीत नसतं. ज्वारीच्या पिठाचा गोळा पाण्यात गेला की लगेच फुटतो. म्हणून गळावर गव्हाचं पीठ आणि चारा म्हणून फेकायला ज्वारीचं. चारा फेकायचा तो मासे एका जागी गोळा व्हावेत म्हणून. बसण्याच्या अर्धा तास आधी ज्वारीचं पीठ आणि पेंड यांचे लिंबाएवढे चार-पाच गोळे एकाच जागी टाकावेत. जास्त टाकले तर मासे त्यावरच पोट भरतात आणि उरलेलं कुजून पाणी नासवतं.

गोळा तयार झाला की त्याची परीक्षा घरीच घ्या. बोराएवढी गोळी पाण्याच्या ग्लासात सोडा. दोन मिनिटांत फुटली तर कणीक वाढवा. अर्ध्या तासानंतरही दगडासारखी तशीच राहिली तर कोंडा वाढवा. पंधरा-वीस मिनिटं आकार टिकला पाहिजे, पण पृष्ठभागावरून बारीक कण सतत सुटत राहिले पाहिजेत. कटल्यासाठी हाच गोळा मुद्दाम जास्त भुसभुशीत ठेवा, सायप्रिनससाठी घट्ट, कारण तळाशी बारकी मासळी तो टोकरत असते आणि मोठा मासा येईपर्यंत तो उरायला हवा.

गळाचा आकारही आमिषाचाच भाग समजा. दुकानात गळाचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तर गळ लहान. 12 नंबरचा गळ चिलापीसाठी ठीक, रोहूसाठी 6 किंवा 4. 1 नंबरच्या पुढं गेलं की 1/0, 2/0 असे आकडे सुरू होतात आणि तिथून आकडा वाढेल तसा गळ मोठा होतो. हे मरळीचे गळ. लहान गळावर मोठा गोळा लावला तर टोक गाडलं जातं. मोठ्या गळावर लहान गोळी लावली तर मासा लोखंडाला आधी शिवतो.

5. मरळ

मरळीसाठी पेंडीचा गोळा घेऊन बसलेला माणूस पाहिला की मला वाईट वाटतं, कारण त्याचा दिवस जाणार हे ठरलेलं असतं. मरळ शिकारी आहे. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांत ती निश्चल उभी असते आणि हलणारी वस्तू जवळून गेली की तुटून पडते. तिला हालचाल दिसते. शिवाय माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिथल्या पेशींना पाण्यातली थरथर कळते. म्हणजे मरळीच्या बाबतीत आमिषाचा वास दुय्यम, आमिषाचं चालणं मुख्य.

मरळीला आणखी एक खास देणगी आहे. तिच्या कल्ल्यांजवळ हवा घेणारा अवयव असतो आणि ती थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवेचा घोट घेते. त्यामुळं आटत आलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या डबक्यातही ती तग धरते. शांत पाण्यात ती वर आल्याचा "डुब्" आवाज आणि गोल वलय ओळखता आलं, तर काठी कुठं टाकायची हे समजतं.

जुना रिवाज जिवंत बेडूक लावण्याचा. तो सोडून द्यावा, असं मी कळकळीनं सांगतो. बेडूक शेतातले किडे खातात. भारतातून बेडकांच्या पायांची निर्यात मोठ्या प्रमाणावर होत असे, ती 1987 मध्ये बंद करावी लागली, आणि त्यामागं बेडूक कमी झाल्याची चिंता होती. आता रबरी बेडूक मिळतो. त्याचे गळ पाठीला चिकटलेले असतात, म्हणून तो गवतात अडकत नाही. गवतावर फेका, दोन क्षण थांबा, मग ओढत-थांबत आणा. मरळीनं झडप घातली की लगेच हिसका देऊ नका, तोंड मिटायला तिला क्षणभर द्या. जिवंत बारकी मासळी लावायची असेल तर ती त्याच पाण्यातली असावी. एका तलावातली मासळी दुसऱ्यात नेली की तिच्याबरोबर रोग आणि नको असलेल्या जातीही जातात.

पावसाळ्याच्या दिवसांत उथळ पाण्यात तांबूस, लालसर पिल्लांचा थवा एकत्र फिरताना दिसतो. त्याच्या खाली मरळीची जोडी राखण करत असते. त्या वेळी ती भुकेली नसते, पण थव्याजवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडते, म्हणून तिला धरणं अगदी सोपं. ती गेली की थवा तासाभरात बाकीच्या माशांच्या पोटात जातो. त्या थव्याकडं काठी वळवू नये.

6. मृगापासून येळवशीपर्यंत

तोच मासा, तोच तलाव, पण जूनमधलं आमिष डिसेंबरात चालत नाही. कारण मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाण्याचं तापमान म्हणजेच त्याच्या अंगाचं तापमान. साधा हिशेब असा की पाणी दहा अंशांनी थंड झालं की त्याच्या शरीरातल्या क्रिया सुमारे निम्म्या वेगावर येतात. 28 अंशांच्या पाण्यात जे खाणं रोहू चार तासांत पचवतो असं धरलं, तर 18 अंशांत त्यालाच आठ तास लागतील. त्याची भूकही तशीच घटते. म्हणून येळवशीच्या सुमारास, थंडी कडक असते तेव्हा, गोळी वाटाण्याएवढी करा, चारा जवळजवळ टाकू नका आणि पहाटेऐवजी दुपारी उन्हात बसा.

मृगाचा पहिला पाऊस झाला की सगळं बदलतं. ओढ्यांतून काळ्या मातीचं गढूळ पाणी तलावात शिरतं, त्याबरोबर बांधावरची गांडुळं वाहून येतात आणि मासे ओढ्याच्या तोंडाशी जमतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग संपतो. चकचकीत नकली आमिषं तेव्हा पेटीत ठेवा, गांडूळ लावा. हे दिवस वामीचे आणि शिंगट्याचे. त्याच दिवसांत संध्याकाळी वारुळातून उधईची पंखवाली पाखरं उठतात आणि दिव्यांभोवती, पाण्यावर पडतात. बारकी मासळी तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर तुटून पडलेली दिसते. अशा संध्याकाळी गळाला दोन उधया लावून, शिसं न लावता तंगूस नुसतं तरंगत सोडलं तर दुसरं कोणतंही आमिष त्याची बरोबरी करत नाही.

उन्हाळ्याचं गणित प्राणवायूचं. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांत साडेसातच. त्यात शेवाळ-गवतानं भरलेल्या तलावात रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळं अगदी पहाटे तो सर्वांत कमी असतो. मे महिन्यात पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात ते यामुळं. त्या वेळी कोणतंही आमिष व्यर्थ. सूर्य वर येऊन तास-दीड तास झाला, वाऱ्यानं लाटा उठू लागल्या, की लाटा आपटतात त्या काठावर बसा.

7. मग ट्राउटचं काय?

आता त्या पोरांचा प्रश्न. ट्राउट थंड पाण्याचा मासा आहे. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की तो खाणं सोडतो आणि आणखी तापलं तर जगत नाही. मांजरेचं पाणी उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी वर जातं. म्हणून लातूर जिल्ह्यात ट्राउट नाही आणि सोडला तरी टिकणार नाही. भारतातही तो मूळचा नाही. इंग्रजांनी आपल्या हौसेसाठी त्याची अंडी बर्फात घालून आणली. काश्मीरमध्ये तो 1900 च्या सुमारास रुजला, नंतर हिमाचलात आणि दक्षिणेत निलगिरीच्या थंड ओढ्यांत.

पण ट्राउटचं आमिष निवडण्याची रीत आपल्याला खूप शिकवते. ट्राउट वाहत्या, काचेसारख्या स्वच्छ पाण्यात प्रवाहाकडं तोंड करून उभा राहतो आणि वाहून येणारे किडे टिपतो. त्याची नजर तीक्ष्ण. त्याला जाड तंगूस दिसतं, माणसाची सावली दिसते. म्हणून तिथले गळकरी आधी दगड उलटून पाहतात, आज पाण्यात कोणता किडा आहे, कोणता उडतो आहे, आणि मग त्याच रंगाची, त्याच आकाराची पिसांची माशी गळाला बांधतात. आपली उधईची संध्याकाळ म्हणजे नेमकं हेच. गुलाबी अंडी चालतात, कारण नदीत इतर माशांची अंडी वाहून येतात आणि ट्राउट ती खातो. आणि ज्या तलावांत शेतीत वाढवलेला ट्राउट सोडतात, तिथं किड्यापेक्षा पिठाचा मऊ गोळाच जास्त चालतो, कारण तो मासा कारखान्यातल्या गोळ्या खाऊन वाढलेला असतो. आपल्या पेंड खाऊन वाढलेल्या रोहूसारखाच.

म्हणून ती गुलाबी अंडी मागवून तावरजेत टाकण्यात अर्थ नाही. दगड उलटून पाहण्याची सवय मात्र जरूर उचला. उंबराचं किंवा जांभळाचं झाड पाण्यावर झुकलेलं असेल आणि फळं पडत असतील, तर त्या दिवशी तिथं तेच फळ आमिष.

8. कल्याणीच्या राजाची विद्या

हे सगळं शास्त्र परदेशातून आलं, असा समज कोणाचा झाला असेल तर त्यानं नकाशा काढावा. औशापासून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर, बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं काय खावं, कसं खेळावं, हत्ती कसे ओळखावेत, असा तो एक ज्ञानकोशच. त्यातल्या वीस विनोदांपैकी, म्हणजे राजाच्या करमणुकींपैकी, एक आहे मत्स्यविनोद : गळानं मासे धरण्याचा खेळ.

सोमेश्वर माशांची वर्गवारी आकारानं करतो, खवले आहेत की नुसतं कातडं यावरून करतो, आणि ते समुद्राचे की नदीचे यावरूनही करतो. मग कोणत्या माशाला कोणतं खाद्य रुचतं, ते सांगतो. काठी, दोर, गळ यांचीही चर्चा करतो. म्हणजे आपण या प्रकरणात जो क्रम धरला, आधी मासा ओळखा आणि मग त्याचं खाद्य ठरवा, तो क्रम याच मुलखातल्या एका राजानं जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला. इंग्लंडमधला आयझॅक वॉल्टनचा मासेमारीवरचा जगप्रसिद्ध ग्रंथ 1653 चा, म्हणजे मानसोल्लासानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी आलेला. विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी मत्स्यविनोदाचा अभ्यास करून तो जगासमोर मांडला. आपल्या शाळांत या ग्रंथाचं नाव निघतं ते वाङ्मयाच्या तासाला. तो मासे आणि प्राण्यांच्या तासालाही निघायला हवा.

9. काठी उचलण्याआधी

मराठवाड्यातले बहुतेक तलाव मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. त्यातलं मत्स्यबीज त्यांनी स्वतःच्या पैशानं सोडलेलं असतं आणि त्यावर कित्येक भोई कुटुंबांची चूल चालते. म्हणून गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा. बहुतेक ठिकाणी एका काठीला नकार मिळत नाही, आणि कोणता मासा कुठं आहे ही माहितीही त्यांच्याकडूनच मिळते. विष किंवा सुरुंग वापरून मासे मारायला 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. असं कोणी करताना दिसलं तर गप्प राहू नका.

पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यांनी पोट फुगलेली मादी गळाला लागली, तर ओल्या हातानं धरून, गळ हलकेच काढून तिला परत सोडा. कोरड्या हातानं धरलं तर तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि रोग शिरतो. तुटलेलं तंगूस काठावर फेकू नका. ते वर्षानुवर्षं कुजत नाही आणि बगळ्यांच्या, पाणकोंबड्यांच्या पायांत अडकतं. ते गुंडाळून खिशात घाला आणि घरी आणून कचऱ्यात टाका.